तुमच्या किनाऱ्यावर समुद्र कधी बंद होतो?

मी मूळची वेंगुर्ल्याची. मिरग लागला की समुद्रावर जायचं नाही, हा नियम आम्हा भावंडांना कोणी शिकवल्याचं आठवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक होता. आजी म्हणायची, "दर्या बंद झालो." जसं वाण्याचं दुकान बंद झालं म्हणावं तसं. आगोटीची खरेदी तोवर उरकलेली असायची. सुके बांगडे, गोलमो डब्यांत भरलेले, होड्या पुळणीवरून वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. मग नारळी पुनवेपर्यंत समुद्र नुसता ऐकायचा. रात्री अंथरुणात पडलं की गाज भिंतीला टेकल्यासारखी वाटायची, आणि ती कुठल्या अंगानं येते त्यावरून आजी सांगायची, उद्या पाऊस धरेल की उघडीप देईल.

लग्नानंतर यजमानांची बदली भुवनेश्वरला झाली आणि पहिल्याच जुलैत आम्ही पुरीला गेलो. समोर हीऽ गर्दी, आणि माणसं चक्क पाण्यात! शंकूसारख्या टोप्या घातलेले नोलिये एकेका यात्रेकरूचा हात धरून त्याला लाटेत नेत होते, लाट फुटली की वर उचलून घेत होते. समुद्र खवळलेलाच होता, आमच्यासारखाच. तरी माणसं आत. माझे पाय कोरड्या वाळूतून पुढे सरकेनात. यजमान दोनदा बोलावून गेले, मी गेले नाही.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. तुम्ही जिथे राहिलात तिथला समुद्र कधी बंद होतो? वारा कुठून येतो? वाळू कशी? संध्याकाळी लोक किनाऱ्यावर काय करतात? सहलीतलं नको, राहून अनुभवलेलं लिहा. थोडकं असलं तरी चालेल.

चेन्नईहून

बेझंट नगरात सात वर्षं काढली. रत्नागिरीच्या माणसाला तिथे सगळं उलटं. सूर्य समुद्रातून वर येतो, त्यामुळे किनाऱ्याची खरी गर्दी पहाटे साडेपाचला. संध्याकाळी वाळूवर बसायचं ते समुद्राकडे तोंड करून आणि मावळतीकडे पाठ करून. मला हे शेवटपर्यंत जड गेलं. भरती-ओहोटी तर जाणवतच नाही, फरक जेमतेम मीटरभराचा. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीत मैलभर चालणाऱ्याला तिथला समुद्र एका जागी बांधून ठेवल्यासारखा वाटतो.

वाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. मे-जूनमध्ये आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष पूर्वेच्या दाराच्या पडद्यावर असायचं. बारा-एकच्या सुमारास तो पडदा आत फुगला की शेजारच्या आजी जिन्यातूनच ओरडायच्या, "काट्रु वंदाच्चु", वारा आला! मग जेवण उतरायचं, मुलं झोपायची. पण आपल्याकडे पाऊस घेऊन येणारा जो नैर्ऋत्येचा वारा, तो सह्याद्रीवर सगळं ओतून, वाटेतल्या जमिनीवर तापून, चेन्नईत पश्चिमेकडून कोरडा पोचतो. तो जोरात असला की समुद्राच्या वाऱ्याला आत शिरू देत नाही. तीन वाजले तरी पडदा हलला नाही की समजायचं, आज पारा चाळिशीच्या वर. त्याच दिवसांत आई फोनवर सांगायची की कौलांवर शेवाळ आलं. एकाच वाऱ्याची ही दोन टोकं.

तिथला समुद्र बंद होतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येच्या पावसात. २०१६ च्या १२ डिसेंबरला वरदा चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या रस्त्यावरची झाडं एका दुपारीत आडवी झाली. मासेमारीची बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे भर उन्हाळ्यात. आपली १ जून ते ३१ जुलै. जूनच्या मध्यावर तिथल्या बाजारात ताजी मासळी यायला लागायची आणि गावाकडे सुक्यावर दिवस काढणं चालू झालेलं असायचं. मला घास घेताना वाईट वाटायचं.

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री कासवांची अंडी शोधत वाळूतून चालणारी मंडळी असतात. विद्यार्थ्यांनी १९८८ पासून चालवलेलं काम आहे. दोनदा गेलो. ऑलिव्ह रिडलेच, आपल्या वेळास-आंजर्ल्याला येतात तीच जात.

भावनगरहून

आमचा समुद्र दिवसातून दोनदा बंद होतो आणि दोनदा उघडतो!

खंभातचं आखात आत जाताना नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी दाटून वर चढतं. उधाणाला दहा-दहा मीटर. कोळियाकला निष्कलंक महादेवाची पाच लिंगं ऐन समुद्रात आहेत. भरतीत नुसता ध्वजाचा खांब दिसतो. ओहोटी लागली की लोक चप्पल हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून निघतात आणि किलोमीटरभर चिखलमिश्रित जमिनीवरून चालत जाऊन पूजा करून येतात. अमावास्येला मोठी जत्रा असते. सासूबाई पहिल्या वेळी मागे राहिल्या होत्या, तर तिथल्या फुलवालीनं हात धरून सांगितलं, बेन, आता परत फिरा, पाण्याला घाई असते. दहा मिनिटांत आमची पावलं होती तिथे पाणी होतं.

वाळू म्हणाल तर नाहीच. करडा गाळ. पोहण्याचा विचारही कोणी करत नाही.

आलप्पुळ्याला सासर असलेली

वेंगुर्लेकर ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. आमच्या सासरी, पुरक्कडच्या बाजूला, कधीकधी ऐन पावसाळ्यात समुद्र उघडतो. चाकरा म्हणतात त्याला. तळाचा मऊ गाळ पाण्यात ढवळून किनाऱ्यालगत पट्टा तयार होतो आणि त्या पट्ट्यात लाटांचा जोरच मरतो. दोन्ही बाजूंना समुद्र फेसाळतोय आणि मध्ये तळ्यासारखं तपकिरी, जड पाणी. मासळी तिथे गोळा होते. केरळात यांत्रिक ट्रॉलरना पावसाळ्यात ५२ दिवस बंदी असते, पण पारंपरिक होड्यांना नसते. त्यामुळे चाकरा आला की सगळा किनारा तिथे लोटतो, चहाच्या टपऱ्या लागतात, टेम्पो उभे राहतात. कुठे येईल, कधी येईल, येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. सासरे रोज सकाळी पाण्याचा रंग बघायला जायचे. ज्या वर्षी आला नाही त्या वर्षी ओणम साधंच झालं.

मस्कतहून

अकरा वर्षं झाली इथे. मस्कतचा समुद्र उन्हानं बंद होतो. जुलैत दिवसा वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. किनारा जागा होतो रात्री आठनंतर. कुरमच्या पुळणीवर पोरं दिव्यांखाली फुटबॉल खेळतात, बायका चटया टाकून थर्मासमधला कहवा ओततात. पाणी कोमट, आंघोळीला काढल्यासारखं. गाडीतून उतरलं की चष्म्यावर लगेच वाफ धरते. पाऊस म्हणजे हिवाळ्यातले दोन-चार दिवस.

पण इथेच, हजारेक किलोमीटर वाळवंट तुडवून दक्षिणेला सलालाला गेलं की आपला मान्सून भेटतो. त्याला खरीफ म्हणतात. शब्द आपल्या खरिपाचाच, अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेवटच्या डोंगराच्या घाटात एका वळणावर उन्हाचं धुकं झालं. गाडीतल्या आकड्यात ४२ होते ते उतरत उतरत २५ वर आले. बाहेर माड, केळी, शहाळ्याच्या टपऱ्या! बायकोनं काच खाली केली आणि ओल्या मातीच्या वासानं तिला रडू आलं. सहा वर्षं पावसाळ्यात गावी जाणं झालं नव्हतं.

पाऊस मात्र आपल्यासारखा नाही, भुरभुर. नैर्ऋत्येचा वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. त्या थंड पाण्यावरून आलेल्या दमट हवेचं धुकं होतं. वर वाळवंटाच्या गरम हवेचं झाकण, म्हणून ढग उंच चढत नाहीत, मुसळधार कोसळत नाहीत. समुद्र मात्र वेंगुर्ल्यासारखाच बंद. मुघसैलला कड्यातल्या भोकांतून लाटेचं पाणी कारंज्यासारखं उडतं, तिथे काठावर उभं राहायचीही छाती होत नाही. पाऊस सरल्यावर किनाऱ्यावर तारली वाळत घातलेली दिसते, वास थेट आपल्याकडचा. तिथे ती उंटांना चारा म्हणून घालतात.

कॅलिफोर्नियाहून

मस्कतच्या दादांनी लिहिलेलं थंड पाण्याचं गणित आमच्याकडेही तसंच चालतं. सॅन फ्रान्सिस्कोचा समुद्र बारा महिने उघडा, पण पाणी इतकं थंड की घोट्यापर्यंत गेलं तरी हाडं दुखतात. मुंबईहून आलेले पाहुणे जुलैत अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून येतात आणि धुक्यात कुडकुडत परत जातात. ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात या. लाटांवर स्वार होणारे अंगभर रबरी पोशाख घालतात. बाकी सगळे वाळूवर शेकोटीभोवती. मला स्वतःला या किनाऱ्याची ओढ कधी लागली नाही, खरं तेच लिहिते.

मॉरिशसहून परतलेला

तीन वर्षं नोकरीनिमित्त. बेटाला प्रवाळाचं कडं आहे, लाटा तिथेच दूर फुटतात. आत उथळ, निळंशार, शांत पाणी आणि पांढरी वाळू, प्रवाळाचाच चुरा. पाण्यात जाताना रबरी बूट हवेत, कारण सागरी साळूंचे काटे पायात मोडतात. समुद्र बंद होतो वादळाच्या इशाऱ्याला, साधारण नोव्हेंबर ते मे. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात.

किनाऱ्यावर सुरूची बनं पाहिली तेव्हा मला मुरूडच आठवलं. तिथे फिलाओ म्हणतात. रविवारी त्यांच्या सावलीत घरंच्या घरं बिर्याणीची पातेली घेऊन येतात आणि दिवस मावळेपर्यंत गाणं चालतं. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची पाचवी-सहावी पिढी गणपती घेऊन पाण्यात उतरते. आपसांत क्रिओल बोलतात, आरती मराठीत. शेजारच्या काकूंनी माझ्या हातावर मोदक ठेवून विचारलं, तुमच्याकडे आता खूप पाऊस असेल ना? त्या कधी भारतात आलेल्या नव्हत्या. तिथे तेव्हा हिवाळा होता, कोरडं, लख्ख ऊन.

सिडनीहून

मी एकोणीस वर्षांचा असताना मे महिन्यात कोकणातल्या एका किनाऱ्यावर ओहोटीत ओढला गेलो होतो. चौघे मित्र होतो. लाटा नाहीत अशी जागा बघून आत गेलो, कारण ती शांत वाटली. दोन मिनिटांत पायाखालची वाळू गेली. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होतो आणि सुरूची झाडं लहान लहान होत होती. एका होडीवाल्या काकांनी दोर टाकला. त्यांचं नावही विचारायचं सुचलं नाही, ते आजही सलतं.

इथे आल्यावर कळलं की लाटा फुटत नाहीत ती गडद, शांत पट्टीच परत जाणाऱ्या पाण्याची वाट असते. तिच्याशी भांडायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्टीच्या बाहेर पडायचं. इथे जीवरक्षक रोज सकाळी पाणी बघून लाल-पिवळे झेंडे रोवतात आणि माणसं त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहतात. आज इथे, उद्या पन्नास पावलं पलीकडे. लाटा फार असल्या की किनारा बंद. माझी आठ वर्षांची मुलगी गाडीतून उतरली की आधी झेंडे शोधते. मे महिन्यात गावी गेलो तेव्हाही तिनं झेंडे शोधले.

आपल्याकडच्या किनाऱ्यांवर मे महिन्यात हजारो माणसं उतरतात. तिथे असे झेंडे आणि रोज पाणी बघणारा माणूस असावा, हे मी जमेल तिथे बोलतो, इथेही लिहितोय.

हर्णैहून

सगळ्यांचं वाचलं. आमचं घर बंदरापासून पाच मिनिटांवर, वडील नाखवा. लोकांना वाटतं दर्या बंद म्हणजे आम्हाला सुट्टी. खलाशी गावाला जातात, तेवढं खरं. बाकी दोन महिने जाळी सांधणं, इंजिन खोलणं, होडीचं लाकूड बघणं, आणि उसनवारी.

बंदी ३१ जुलैला संपते, पण वडील नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नाहीत. एरवी कधी दोन-चार दिवसांचा, कधी दोन-तीन आठवड्यांचा फरक. २०२३ ला अधिक श्रावण आला. १ ऑगस्टला पौर्णिमाच होती, पण ती अधिकातली. नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला. त्यात पावसानंही दडी मारली. देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता तो. आभाळ मोकळं, शेजारच्या होड्या जातायत, संध्याकाळी पुळणीवर लिलाव पुकारतायत, आणि आमची होडी शाकारलेलीच. आई रोज एकदा विचारायची, वडील रोज एकदा नाही म्हणायचे. भावानं दोन दिवस अबोला धरला. मी पगारातून पैसे पाठवत होतो, पण प्रश्न पैशांचा राहिला नव्हता.

वडील रोज संध्याकाळी होडीजवळ जाऊन बसायचे. झावळ्या वाळून भुरभुरीत झाल्या होत्या. एक उचलून बाजूला ठेवायचे आणि निघताना परत जागच्या जागी लावायचे.

३० तारखेला सोनेरी कागद लावलेला नारळ भावाच्या हातून सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी पाण्यात होती.