सल्ला हवा: पदवीच्या वर्गातील मुले स्वतः विचार करू लागावीत यासाठी काय करावे?

कृष्णाकमळ (सोलापूर):
मी येथील एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकवते. वर्गात सत्तर मुले-मुली असून त्यांपैकी अनेकांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. काहींच्या आया विड्या वळतात, काहींचे वडील यंत्रमागावर आहेत. मुले मेहनती आहेत, परंतु मी प्रश्न विचारला की सर्वांच्या माना वहीत जातात. गेल्या आठवड्यात सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी लावलेल्या लष्करी कायद्याचा (मार्शल लॉ) भाग शिकवताना मी विचारले, ‘सोलापूर तेव्हा काही दिवस स्वतंत्र होते असे आपण अभिमानाने सांगतो, पण ते कशावरून?’ एक मुलगी म्हणाली, ‘पुस्तकात दिले आहे,’ आणि त्यानंतर वर्ग गप्पच राहिला. ती शांतता मला सोसली नाही आणि उत्तर मीच सांगून टाकले. याची मला मनापासून खंत वाटते. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा आहे हे लक्षात घेऊन, कृपया अनुभवाचे सांगावे.

निवृत्त_अध्यापक (बाळे):
मॅडम, आपला प्रश्न उत्तमच होता. त्याला वेळ मिळाला नाही, एवढेच. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण केले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. तो अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तुमच्या प्रश्नाला मात्र तीन सेकंदही पुरणार नाहीत. त्यासाठी मुलांना आधी दोन मिनिटे एकट्याने लिहू द्यावे, मग शेजाऱ्याशी बोलू द्यावे आणि त्यानंतरच वर्गासमोर मांडायला सांगावे. फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली ही पद्धत आहे. शेजाऱ्याशी बोलताना तेलुगू, कन्नड, दखनी जे तोंडी येईल ते चालू द्यावे, कारण पहिला कच्चा विचार घरच्या भाषेतच सुचतो. फळ्यावर येईपर्यंत तो मराठीत आणता येतो.

आता तुमच्या धड्याविषयी. शहर किती दिवस स्वतंत्र होते, याचे उत्तर कोणी तीन दिवस देतो, कोणी चार. हा फरक दुरुस्त करून पुढे जाऊ नका, त्यावरच पूर्ण तास घ्या. गांधीजींना ५ मे १९३० रोजी झालेली अटक, त्यानंतर शहरात झालेला गोळीबार आणि मग लष्करी कायदा, एवढा क्रम फळ्यावर लिहा आणि विचारा की मोजणी कोठून सुरू करायची व कोठे थांबवायची. पोलीस रस्त्यावर दिसेनासे झाले म्हणजे शहर स्वतंत्र झाले काय? त्या दिवसांत बाजार, पाणी, भांडणतंटे कोणी सांभाळले, हे कळल्याशिवाय ‘स्वतंत्र’ म्हणता येईल काय? दिवसांचा आकडा व्याख्येवर अवलंबून आहे, हे मुलांना एकदा स्वतः उमगले की पुस्तकातील इतर आकड्यांकडेही ती तशीच पाहू लागतात. याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या नावाच्या चौकातून मुले रोज ये-जा करतात, त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटणार नाही.

प्रयोगशाळा_क्र_३:
मी भौतिकशास्त्र शिकवतो. हार्वर्डमधील एरिक माझूर यांच्या पद्धतीप्रमाणे मी संकल्पनेवर एक बहुपर्यायी प्रश्न देतो, मुले अ-ब-क-ड लिहिलेली कार्डे वर करतात आणि उत्तरे विभागलेली दिसली की शेजाऱ्याला पटवून देण्यास सांगून पुन्हा मत घेतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. २०१९ साली हार्वर्डमध्येच झालेल्या अभ्यासात असे आढळले की स्वतः सोडवून शिकलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात अधिक आले होते, तरी आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. ‘सर शिकवतच नाहीत’ ही तक्रार माझ्याविरुद्धही झाली होती. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे कारण स्पष्ट सांगावे.

वाचनवेडा_पंढरपूर:
थोडा मतभेद नोंदवतो. वाचलेले काहीच नसेल तर चर्चा म्हणजे केवळ आपापली मते मांडणे होते. आदल्या दिवशी एक पान वाचायला द्यावे आणि त्यातील न पटलेले एक वाक्य लिहून आणल्याशिवाय चर्चेत घेऊ नये.

कृष्णाकमळ:
सर्वांचे आभार. ते एक पान कोठून घ्यावे, आणि ‘हे परीक्षेला येणार का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

निवृत्त_अध्यापक (बाळे):
पंढरपूरकरांचे म्हणणे मला मान्य आहे. मी वाचनाचा उल्लेख करायला हवा होता. शासनाच्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमधील (जिल्ह्याच्या माहितीचा शासकीय ग्रंथ) १९३० चा भाग घ्या आणि त्याच्यासोबत एखादी स्थानिक आठवण द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करून पाहा. दोन मजकुरांत कोणती गोष्ट एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढेच शोधायला सांगा. परीक्षेविषयी विचाराल, तर अंतर्गत मूल्यमापनाचा निदान एक प्रश्न आपल्या हाती असतो. ‘लष्करी कायद्याची कारणे लिहा’ याऐवजी ‘सोलापूर किती दिवस स्वतंत्र होते असे तुम्ही मानता, ते पुराव्यासह लिहा’ असा प्रश्न ठेवा, आणि तीन लिहिणाऱ्याला व चार लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकतील असे आधीच जाहीर करा.

कृष्णाकमळ:
गुरुवारच्या तासाला दोन्ही मजकुरांच्या झेरॉक्स प्रती वाटणार आहे. ‘पुस्तकात दिले आहे’ म्हणणाऱ्या त्या मुलीलाच विचारणार आहे, की दोन पुस्तकांत दोन आकडे असतील तर ती कोणता धरेल. या वेळी तिच्या उत्तराची वाट पाहीन.