कॉलचा लोअर बाउंड ३८.४६ येतोय आणि गणितात भाव ३० दिलाय, नक्की चुकतंय कुठे?

ऐरोलीची_एमकॉम
परवा पेपर आहे आणि मी एकाच गणितात अडकलेय. शेअर आज ५०० ला, व्याज वर्षाला ८ टक्के म्हणजे सहा महिन्यांना सरळ ४, युरोपियन कॉल (शेअर ठरलेल्या भावाला फक्त मुदतीच्या दिवशी घ्यायचा हक्क), स्ट्राइक म्हणजे तो ठरलेला भाव ४८०, मुदत सहा महिने. कॉलची किंमत कमीत कमी किती असली पाहिजे, म्हणजे लोअर बाउंड किती, असा प्रश्न आहे. मी ५०० वजा ४८० करून २० लिहिलं, सरांनी त्यावर लाल गोल केला पण का ते सांगायच्या आत बॅच सुटली. मैत्रीण म्हणते ३८.४६. पण पुढच्याच ओळीत कॉलचा भाव ३० दिलाय, मग हा कॉल स्वस्त आहे का? आणि पेऑफ नि प्रॉफिट यात माझा दर वेळी घोळ होतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या वही धरून तीनदा सोडवलंय, कोणीतरी नीट समजवा प्लीज.

घोडबंदर_रोड
आधी पेऑफचं बघू. मुदतीच्या दिवशी हातात काय पडतं तेवढंच पेऑफ, आधी प्रीमियम, म्हणजे कॉलची किंमत, किती दिला ते त्यात धरायचं नाही. फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाला घ्यायचाच असा सौदा, घेतलं असेल तर त्या दिवशीचा भाव वजा ठरलेला भाव, उणे आलं तरी भरावंच लागतं. कॉलमध्ये उणे आलं की शून्य. म्हणजे शेअर ५०० ला बंद झाला तर तुझ्या कॉलचा पेऑफ २०, पण प्रीमियम ३० गेलाय म्हणून प्रॉफिट उणे १०, आणि त्या ३० वरचं व्याज धरलं तर उणे ११.२०.

आता २० का चुकलं. ४८० तुला आज द्यायचेच नाहीयेत गं, सहा महिन्यांनी द्यायचेत. आज ४६१.५४ बँकेत टाकले की तेव्हा त्याचे ४८० होतात. म्हणून ५०० वजा ४६१.५४, म्हणजे ३८.४६. मैत्रीण बरोबर आहे.

आणि हे सूत्र पाठ करू नको, व्यवहार करून बघ. कॉल ३० ला घे, शेअर उसना घेऊन ५०० ला वीक, उरलेले ४७० व्याजाने ठेव, सहा महिन्यांनी ४८८.८० होतात. शेअर ४८० च्या वर असला तर कॉल वापरून ४८० ला घे, परत कर, ८.८० उरले. समज ४५० ला आला तर कॉल सोडून दे, बाजारातून ४५० ला घेऊन परत कर, ३८.८० उरले. कुठेही तोटा नाही, म्हणून असा भाव टिकत नाही, लोक कॉल घेत सुटतात आणि तो ३८.४६ च्या वर जातो. वरची हद्द ५००, कारण शेअरच ५०० ला मिळत असताना तो घ्यायच्या नुसत्या हक्काला जास्त कोण देईल.

ऐरोलीची_एमकॉम
दादा व्यवहार करून बघितल्यावर पहिल्यांदा डोक्यात शिरलं, खरंच थँक्यू. पण आत्ता वही उघडली तर वरती एक ओळ आहे जी मी इथे लिहिलीच नाही, तीन महिन्यांनी १५ रुपये डिव्हिडंड. त्याने फरक पडतो?

घोडबंदर_रोड
पडतो म्हणजे, सगळं उत्तरच बदलतं! शेअर उसना घेतलायस ना, मग मधला डिव्हिडंड मूळ मालकाला तुझ्या खिशातून द्यावा लागणार. तीन महिन्यांचे २ टक्के धर, १५ चे आजचे १४.७१. तेवढे बाजूला काढले की ४५५.२९ उरतात, त्याचे सहा महिन्यांनी ४७३.५० होतात आणि तुला तर ४८० लागू शकतात, साडेसहाचा खड्डा. म्हणजे मघाचा फुकटचा नफा गेला. नवा लोअर बाउंड ३८.४६ वजा १४.७१ म्हणजे २३.७५, आणि ३० हा भाव त्याच्या वर आहे, काही चुकलेलं नाही. फॉरवर्डच्या भावाचंही तसंच, डिव्हिडंड नसता तर ५०० चे सहा महिन्यांच्या व्याजाने ५२०, आता ४८५.२९ गुणिले १.०४ म्हणजे ५०४.७०.

युरोपियन शब्दावर पण लक्ष ठेव. अमेरिकन कॉल मुदतीआधी कधीही, म्हणजे डिव्हिडंडच्या आदल्या दिवशीही वापरता येतो, त्यामुळे तिथे ५०० वजा ४८० भागिले १.०२ म्हणजे २९.४१ ही हद्द लागते. एनएसईवर शेअरचे ऑप्शन २०११ च्या आधी अमेरिकन होते, जुन्या पुस्तकांत तसंच सापडेल.

तुर्भे_गाळा
मी मार्केटात कांदा-बटाट्यात आहे, शेअरमधलं फार नाही कळत पण हे उसनं घेऊन विकायचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पुढच्या सौद्याच्या भावाला वरची हद्द लागते, खालची लागत नाही. समजा एप्रिलात कांदा २० रुपये किलोने घेतला, सहा महिन्यांचं व्याज धरून २०.८०, कांदा साठवायची चाळ आणि हमाली २, झाले २२.८०. पण चाळीत कांदा सुकतो, सडतो, किलोतला पाव गेला असं धरा, मग २२.८० ला ०.७५ ने भागायचं, ३०.४० येतात. नवीन पोरं वजनातली घट रुपयांत मिळवतात तिथेच फसतात, घटीने भागायचं असतं. ऑक्टोबरचा सौदा कोणी ३०.४० च्या वर द्यायला तयार असेल तर आज घेऊन साठवणारा सुटला. पण सौदा १५ ला झाला तर? उसना कांदा आणून आज विकायचा आणि ऑक्टोबरात परत करायचा, असा कांदा देणार कोण? ज्याच्या चाळीत माल आहे तोच आज विकून तेव्हा परत घेऊ शकतो. आणि हापूसला तर वरची हद्दही नाही, मे महिन्यातली पेटी ऑक्टोबरपर्यंत ठेवणार कुठे.

ऐरोलीची_एमकॉम
काका हे आमच्या पुस्तकात एका ओळीत आहे आणि मी ती ओळ सोडूनच दिली होती. पुट, म्हणजे शेअर ४८० ला विकायचा हक्क, मी स्वतः केला बघा, ४६१.५४ वजा ४८५.२९ उणे येतं म्हणून खालची हद्द शून्य, वरची ४६१.५४. आणि कॉल ३० असेल तर पॅरिटीने, म्हणजे कॉल आणि पुटच्या किमती जोडणाऱ्या सूत्राने, पुट ३० अधिक ४६१.५४ वजा ४८५.२९, म्हणजे ६.२५. मागे उत्तरात पण ६.२५ आहे!!