एका ओळीत फॅट रिकामं, तरी सगळी बॅच परत! एपीआयमधून एरर कशी कळवावी?

करवीर_डेव्ह:
दूध संकलन केंद्रांवरून दोन्ही पाळ्यांच्या नोंदी (सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक) मुख्य सर्व्हरला जातात. बॅच ३०० ओळींची. एका ओळीत फॅट भरायचं राहिलं तरी एपीआय (सर्व्हरवर नोंदी घेणारा प्रोग्रॅमचा दुवा) ५०० हा एरर कोड देतं आणि क्लायंट (केंद्रावरचा प्रोग्रॅम) तीच बॅच पाठवत बसतो. गगनबावड्याकडे रेंज गेली की वेगळाच घोळ: नोंद पोचते, उत्तर येत नाही, पुन्हा पाठवल्यावर सभासदाच्या खात्यावर दूध दोनदा चढतं.

रंकाळा_बॅकएंड:
५०० म्हणजे सर्व्हरचा बिघाड. डेटा चुकीचा असेल तर ४२२ द्या. तो मिळाल्यावर क्लायंटने तोच डेटा दुरुस्त न करता पुन्हा पाठवायचाच नाही. पुन्हा पाठवायचं ते ४०८, ४२९, ५०२, ५०३, ५०४ ला (वेळ संपली, विनंत्या जास्त झाल्या किंवा सर्व्हर तात्पुरता अडला, असं सांगणारे कोड). उत्तरात रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने पुन्हा पाठवायचं ते सांगणारी ओळ) असेल तर तेवढं थांबा, नसेल तर १, २, ४, ८ सेकंद, वर थोडा रँडम वेळ. तो नसला तर सर्व्हर उठताच सगळी केंद्रं एकाच क्षणी तुटून पडतात.

चांगल्या ओळी अडवू नका. प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा द्या: ओळ क्रमांक, फील्ड, ठरलेला एरर कोड, संदेश. क्लायंटने निर्णय कोडवर घ्यावा, संदेशाच्या मजकुरावर कधीच नाही. नाहीतर उद्या कोणी शुद्धलेखन सुधारलं तरी प्रोग्रॅम मोडेल. अख्खी विनंतीच नाकारायची असेल तर आरएफसी ९४५७ (एपीआयच्या एरर कशा कळवायच्या याचं इंटरनेट मानक) चा साचा तयार आहे.

पंचगंगा_एसक्यूएल:
दुबार नोंदीचं मूळ टाइमआउटमध्ये (ठरल्या वेळेत उत्तर न येण्यात) आहे. ५०४ आलं म्हणजे काम झालं नाही असं नव्हे, झालं की नाही ते माहीत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीची किल्ली (तीच नोंद पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण) केंद्रावरच बनवा: केंद्र + तारीख + पाळी + पावती क्रमांक. नुसता सभासद क्रमांक पुरत नाही, एकाच पाळीत तो गाईचं आणि म्हशीचं दोन्ही घालतो. किल्ली पाठवण्याआधी लोकल डेटाबेसमध्ये लिहा, प्रत्येक प्रयत्नाला नवी नको. सर्व्हरवर युनिक इंडेक्स (एकच किल्ली दोनदा घालू न देणारा डेटाबेसचा नियम) लावा. ‘आधी शोधा, मग घाला’ केलंत तर दोन विनंत्या एकदम आल्यावर दोन्ही आत जातात.

करवीर_डेव्ह:
चुकीच्या डेटामुळे नाकारलेली ओळ दुरुस्त करून त्याच किल्लीने पाठवली तर?

पंचगंगा_एसक्यूएल:
चालेल, फक्त नाकारलेल्या ओळीची किल्ली साठवू नका. साठवलीत तर दुरुस्तीनंतरही जुनीच एरर परत येईल. आणि पाळी संपली की ओळींची संख्या व एकूण लिटर दोन्हीकडे जुळवा. गळालेली नोंद तिथेच सापडते.

रंकाळा_बॅकएंड:
केंद्रावरच्या माणसाला ‘सभासद १४२, फॅट भरलेलं नाही’ एवढंच दिसू दे, सोबत विनंती क्रमांक. स्टॅक ट्रेस (कोडमध्ये एरर कुठे आली त्याचा तांत्रिक तपशील) सर्व्हरच्या लॉगमध्ये, त्याच क्रमांकाखाली.