मदत हवी आहे: डॉक्टर मांजरीला दयामरण द्यायला सांगत आहेत

सदाफुली: आमच्या मनीला मूत्रपिंडाचा विकार आहे. आज डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल वाचला आणि तिला हातही न लावता 'आता सोडवा हिला' असे सांगितले. पशुवैद्याने इतक्या झटपट असा सल्ला देणे नैतिक आहे का, आणि मी नकार दिला तर मीच तिचे हाल करते आहे असा अर्थ होतो का? उद्या सकाळी निर्णय कळवायचा असल्यामुळे कृपया लवकर सांगावे.

निशाचर: वय किती आहे, मूत्रपिंड किती बिघडले ते दाखवणारे रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन किती आले, ती खाते का, सलाइन दिले का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावरून डॉक्टरांना दोषी ठरवता येणार नाही आणि निर्दोषही.

तिरकस: हार मानू नका. आमच्या बोक्यालाही असेच सांगितले होते. मी घरीच त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सलाइन देत राहिलो आणि तो पुढे चार महिने जगला.

खारूताई: ते चार महिने बोक्याला हवे होते की तुम्हाला, हे कोण सांगणार? मी स्वतः ही चूक केली आहे. आमचा बोका शेवटचे तीन आठवडे कपाटाखालून बाहेर आला नाही, आणि मी त्याला रोज ओढून काढून औषध पाजत होते. ताई, 'फेलाइन ग्रिमेस स्केल' ही मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजणारी मोजपट्टी पाहा. कान, डोळे, नाकतोंड, मिशा आणि डोके यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे असतात, आणि 10 पैकी 4 गुण झाले की वेदनाशामकाचा विचार करतात.

निशाचर: ती मोजपट्टी तीव्र वेदनेसाठी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला बहुतेक वेळा मळमळ छळते, आणि ती चेहऱ्यावरून मोजता येत नाही.

हिरवळ: मूळ दोष मांसाहाराचा आहे. तिला पूर्ण शाकाहारी करावे.

निशाचर: हे कोणी विचारलेले नाही. मांजराला टॉरिन हे मांसातले पोषकद्रव्य आहारातूनच मिळावे लागते, आणि ते कमी पडले तर हृदय व डोळे बिघडतात.

सदाफुली: वय 15, क्रिअ‍ॅटिनिन 4.1, सलाइन दिलेले नाही. वाटी हुंगते, ओठ चाटते आणि मान फिरवते. बाकी काही नाही, फक्त परवापासून खुर्चीच्या पायांना धडकते, ते वयामुळे असावे.

निशाचर: हे सर्वांत आधी सांगायला हवे होते! मूत्रपिंड बिघडलेल्या मांजरांचा रक्तदाब पुष्कळदा वाढतो, त्याने दृष्टिपटल सुटते आणि मांजर एकाएकी आंधळे होते. विजेरीच्या उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहान होतात का, आणि रक्तदाब मोजला होता का? शिवाय 4.1 हा आकडा मूत्रपिंडाच्या विकाराच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्यात बसतो. चौथा टप्पा 5 च्या पुढे धरतात, आणि शरीरातले पाणी आटलेले असताना केलेल्या तपासणीवरून टप्पा ठरवतच नाहीत.

सदाफुली: आत्ताच पाहिले. उजेड जवळ नेला तरी बाहुल्या तशाच वाटोळ्या आणि काळ्याभोर राहिल्या. रक्तदाब मोजलेला नाही.

तिरकस: म्हणजे डॉक्टर सपशेल चुकले.

खारूताई: थांबा. दयामरण सुचवणे अनैतिक नाही, उलट काही वेळा ते न सुचवणेच अनैतिक ठरते. मात्र सगळे पर्याय मांडल्याशिवाय मालकाची संमती ही खरी संमती होत नाही. ताई, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही डॉक्टरांना नेमके काय म्हणाला होता?

सदाफुली: आत शिरताना 'हिचे आणखी हाल नकोत' असे मीच म्हणाले होते. शिवाय धडकण्याचे त्यांना सांगितलेच नाही.

निशाचर: मग त्यांनी तुमचे म्हणणे शब्दशः घेतले असावे. तरीही त्यांनी विचारायला हवे होते. सकाळची वाट न पाहता आत्ताच रात्री उघड्या असलेल्या दवाखान्यात न्या. दुसरे मत घेणे हा डॉक्टरांचा अपमान नसतो.

सदाफुली: नुकतीच परत आले. वरचा रक्तदाब 210 निघाला, म्हणून रक्तदाब कमी करणारे अ‍ॅम्लोडिपिन सुरू केले आहे. सलाइन आणि मळमळीचे इंजेक्शनही दिले. दृष्टी परत येईल असे त्यांनी आश्वासन दिले नाही. दयामरणाचा निर्णय तपासणी पुन्हा होईपर्यंत थांबवला आहे. आत्ता तिने माझ्या बोटावरचे चमचाभर खाणे चाटून संपवले आणि मग वाटी शोधताना पुन्हा खुर्चीला धडकली.

खारूताई: वाटी रोज एकाच जागी ठेवा आणि खुर्च्या हलवू नका.