अनुभव धागा: आसरा दिलेली मांजरी आणि तिची पिल्लं, पहिले दोन महिने

पाऊस तोंडावर आला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात माळ्यावर, गोठ्यात, लाकडाच्या वखारीत व्यालेल्या मांजरी सापडतात. आई-पिल्लं घरात आणल्यावर काय, किती आणि केव्हा करायचं तेवढंच इथं लिहूया. फोटो नंतर टाका.

टिळकवाडी
सगळ्यात आधी एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणा. नुकतं जन्मलेलं पिल्लू 90 ते 110 ग्रॅम भरतं, रोज 10 ते 15 ग्रॅमनी वाढतं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं. काट्यावर स्टीलचं वाटगं ठेवून आकडा शून्य करायचा, आत रुमाल, त्यावर पिल्लू. वेळ रोज एकच, दूध प्यायच्या आधीची. ओळख पटावी म्हणून गळ्यात दोरा बांधू नका. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. कुणाच्या पाठीवर कसला ठिपका आहे ते वहीत लिहा.
वजन एक दिवस थांबलं तर बाकीची झोपलेली असताना त्याला एकट्याला आईच्या सडाला लावा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू ओरडायचं बंद होतं तेव्हा फार उशीर झालेला असतो; काटा त्याच्या आधी सांगतो.

खानापूर
टिळकवाडीच्या काकूंचं वजनाचं बरोबर आहे, पण आमच्याकडच्या जुलैत आधी ऊब बघावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवती 29 ते 32 अंश लागतात, त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरपटत बाजूला जाईल. खाली गोणपाट नको, त्याचे धागे पायाला आवळतात. जुनं सुती लुगडं चार घड्या करून घाला, ओलं झालं की बदला.
आणि थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. बोट तोंडात घालून बघा: आतून गार लागलं तर त्याचं पोटच चालत नसतं, दूध तसंच साचून राहतं. आधी अंगाशी धरून हळूहळू गरम करा, दूध त्यानंतर.

शहापूर
आईला दूध कमी असेल तर गाईचं पाजू नका. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश कमी, दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते आणि एवढासा जीव दिवसात सुकतो. मांजरांच्या पिल्लांची दूध पावडरच घ्या. 100 ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण 4 मिली मावतं, म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथं, आईला पिताना असतं तसं. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा, श्वास घरघरला की दवाखाना. आई नसेल तर प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसानं खालची बाजू हलके पुसा, त्याशिवाय पहिले तीन आठवडे ती मुततही नाहीत.

वडगाव
डोळे 7 ते 14 दिवसांत उघडतात. मिटलेली पापणी आतून फुगलेली दिसली तर पू साचलेला असतो, वाट बघत बसू नका. तिसऱ्या आठवड्यात डुलत चालतात, पुढचे दात येतात. चौथ्यात शी-शूसाठी उथळ ट्रेमध्ये साधी वाळू द्या. ओली झाली की गोळा होणारी विकतची माती (लिटर) पिल्लं खातात आणि ती पोटात फुगते.
आमच्याकडे घरोघरी माग, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मांजराची जीभ काटेरी, तोंडात गेलेला धागा त्याला बाहेर थुंकता येत नाही. गिळलेला धागा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आत आतडं चुण्या पडून आवळतं, कापलं जातं. तसंच डॉक्टरकडे न्या.

निपाणी
तंबाखूची रिकामी पोती खोक्यात घालू नका दादा, निकोटिन मांजराला विष आहे. खोली फिनाइलनं पुसू नका. पिसवांसाठी कुत्र्याची पावडर तर अजिबात नको, त्यातल्या पर्मेथ्रिन या कीटकनाशकानं मांजरं झटके येऊन मरतात. बारीक दाताची फणी आणि कोमट साबणाचं पाणी पुरतं. लगेच कोरडं करा.

चिकोडी
जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठव्या आठवड्यापर्यंत. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा टिळकवाडीच्या काकूंची वही दवाखान्यात घेऊन जा. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, रेबीजची 12 व्या आठवड्यात. चौथ्या आठवड्यापासून पावडरच्या दुधात भिजवलेलं पिल्लांचं खाणं द्या. मीठ-हळदीशिवाय उकडलेली कोंबडी कुस्करून चालते, पण नुसत्या तिच्यावर वाढवू नका, कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात.
आईलाही याच दिवसांत दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर कॅल्शियम घसरलंय, तासाभरात इंजेक्शन हवं.

टिळकवाडी
एक राहिलं. अंगावर पिणारी पिल्लं असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहते. बोक्याला आत येऊ देऊ नका, आणि पिल्लं दूध सोडली की आईच्या ऑपरेशनची तारीख घ्या. पिल्लांमधल्या माद्या चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकतात, त्यांचीही नावं तेव्हाच लिहून द्या.