कारल्याच्या वेलाची सून कादंबरीत आणावी का?

मुक्ता_लिहिते: ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा’ हे भोंडल्याचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. वेल लावला तर सासू म्हणते कोंब येऊ दे, मग फूल, मग कारलं, मग भाजी. सगळं झाल्यावर ‘मला काय पुसतेस’ म्हणत सासऱ्याकडे पाठवते. या सुनेवर मी कादंबरी लिहितेय. तिला नाव, गाव आणि भरपूर राग देणार आहे. गाणं कुणा एकीचं नाही, तेव्हा ती माझीही आहेच.

हस्ताचा_पाऊस: मुक्ताताई, नावच नको. ती बिननावाची आहे म्हणून फेरातली प्रत्येक सासुरवाशीण तिच्या जागी स्वतःला बघते. ‘मला काय पुसतेस’ आलं की माझी आजी पाटावरच्या हत्तीकडे न बघता थेट आत्याबाईंकडे बघून आवाज चढवायची! तुम्ही त्या सुनेला एकाच घरात कोंडताय. आणि राग तुमचा आहे, तिचा नाही. गाण्यात ती एकदाही चिडत नाही, नुसती विचारत राहते. हटत नाही.

भुलाबाईचा_भाऊ: पटलं नाही. शेवट बघा ना. कुठे फणी आणून वेणी घालतात आणि राणी माहेरी जाते. कुठे नवरा काठी काढतो. हे दोन्ही शेवट बायकांनीच गायले. त्यांनी नशीब बदललं तर चालतं, आणि मुक्ताताईंनी नुसतं नाव दिलं तर बिघडलं?

हस्ताचा_पाऊस: दादा, त्या फेरात उभ्या राहून बदलत होत्या, पुढच्या अंगणात दुसरा शेवट गायला मोकळ्या होत्या. छापील शेवट एकच राहतो. आणि ‘कुणा एकीचं नाही’ हे सरसकट म्हणू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यात गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं नोंदलेली आहेत. तिथली बाई अशी उचलणार का?

मुक्ता_लिहिते: नाही, तिथे गाणारीचं नाव आधी येईल. पण या सुनेला मी नाव देणारच. सासू, सासरा, दीर, नणंद, नवरा असं दारोदार विचारत फिरवली तिला, आणि एकानेही नावाने हाक मारली नाही. माझ्या कादंबरीत पहिल्याच पानावर कुणीतरी मारेल.