मदत हवी आहे: बाबांना व्हीआरमध्ये जुनं रोम दाखवायचंय, पाच मिनिटांत गरगरतंय

चिंचोका | गुरुवार, रात्री ११:४०
मंडळी जरा लवकर सांगा, रविवारच्या आत जमायलाच हवंय. बाबांना व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दिसतं तो, हेडसेट लावून रोम दाखवतोय, म्हणजे जुनं, सम्राटांच्या काळातलं. सुरुवात एकदम भारी, फोरममध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चौकात, उतरले की अरे वा अरे वा, आणि चार-पाच मिनिटांत हेडसेट काढून डोकं धरून बसतात, घाम फुटतो, काल तर उलटी होता होता राहिली. सेटिंगमध्ये जे जे दिसलं ते सगळं करून झालं. मी लावला तर तासभर मला काहीही होत नाही. दुसरं, त्यांना सगळंच उंच उंच दिसतं, "मी काय गुडघ्यांवर चालतोय का रे" म्हणाले. आणि फोकासचा खांब कुठाय म्हणून विचारतात, तो ॲपमध्ये नाहीच बहुतेक. काय करू? आगाऊ धन्यवाद.

आयटीतला_गडी | ११:५२
हेडसेट कुठला? ॲप कुठलं? बाबा बसून बघतात की उभं राहून? वाय-फायवर कॉम्प्युटरमधून चालवताय की हेडसेटमध्येच टाकलंय? "सगळं करून झालं" म्हणजे नक्की काय केलं? भाऊ, डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगितल्यासारखं झालं हे.

डॉक्टर_नव्हे | शुक्रवार, ००:१०
वय काय वडिलांचं? बीपी, शुगर, कानाचा काही त्रास? माझ्या सासूबाईंना नुसती कूस बदलली तरी घर फिरायचं, तो कानाचा प्रॉब्लेम निघाला. आधी कान दाखवून घ्या, मग रोमचं बघू.

आलंपाक | ००:२५
आल्याची वडी. चघळायला द्यायची आणि समोर टेबलफॅन लावायचा, तोंडावर वारा आला पाहिजे. मी दोन महिने असंच खेळलोय. गॅरंटी.

चिंचोका | ०७:१५
वय ७४, रविवारी पंचाहत्तरी आहे म्हणून तर घाई. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे बसूनच, हॉलमधल्या सोफ्यावर. हेडसेट क्वेस्ट टू, भाच्याचा आहे, त्यानेच ॲप टाकून दिलंय, नाव लक्षात नाही, आयकॉनवर कमान आहे. बाबांनी ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, रोमला जायचं जायचं म्हणत राहूनच गेलं, आता एवढं चालणं होणार नाही. आल्याची वडी बघतो.

आयटीतला_गडी | ०८:०५
आता कसं. सोफ्यावर बसून, आणि ॲप धरतंय की माणूस उभा आहे. जमीन खऱ्या जमिनीवर आणि डोळे तिच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे बाबा सहा-सात वर्षांच्या पोराच्या उंचीने रोम फिरतायत. ॲपमध्ये बसून बघायचा पर्याय असेल तर तो लाव. नसेल तर जमिनीची पातळी नव्याने सेट करताना जमीन मुद्दाम दीड-दोन फूट खाली टाक. बसून वापरायचंय, कुठे धडपडायचा प्रश्न नाही.
चष्मा आहे का? आणि डोळ्यांमधलं अंतर कोणाचं सेट आहे, तुझं की भाच्याचं? क्वेस्ट टूमध्ये भिंगं हाताने सरकवावी लागतात, तीनच खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर.

फ्रेमरेटवाला | ०८:३०
हेडसेटमध्येच चालणारी ॲप्स म्हणजे खेळणी आहेत. चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या, कॉम्प्युटरवरून चालवा, सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळाली की गरगरणं वगैरे सगळं बंद. संगमरवर तर काय चमकतो! माझ्याकडे बघायला सोसायटीतले लोक येतात.

अर्धा_चहा | ०८:४१
रविवारच्या वाढदिवसाला शुक्रवारी ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगणारा हाच तो. फ्रेम अडखळल्या तर त्रास होतो हे बरोबर, पण चिंचोकाला स्वतःला तासभर काही होत नाही म्हणतोय ना, मशीन तेच, ॲप तेच. मग कार्ड मध्ये कुठून आलं?

फ्रेमरेटवाला | ०८:४४
तरुण माणसाला कमी जाणवतं. अनुभव नसताना बोलू नये.

पुरातन_पेन्शनर | ०९:२०
तांत्रिक काही कळत नाही पण फोकासचा खांब मात्र सांगू शकतो. ॲप चुकलेलं नाही. तो खांब फोरममध्ये उभारला इ.स. ६०८ मध्ये, बायझंटाईन सम्राट फोकासच्या नावाने. आज फोटोत एकटा उभा दिसतो म्हणून आपल्याला तो फार जुना वाटतो. तुमच्या ॲपमध्ये त्याच्या आधीचा, सम्राट कॉन्स्टंटाईनचा म्हणजे चौथ्या शतकातला काळ असणार, बहुतेक ठिकाणी तोच घेतात. रोम रिबॉर्न नावाचा जो मोठा प्रकल्प बर्नार्ड फ्रिशर यांनी १९९०च्या दशकात सुरू केला त्यातला दिवस तर थेट २१ जून ३२० असा ठरवलेला आहे, आणि इमारती सुमारे ७,०००. त्यातल्या मोजक्याच नीट अभ्यासून बांधलेल्या, बाकीची साधी घरं अंदाजाने. त्यांनी आधी रोममधलं प्लास्टरचं एक जुनं मॉडेल स्कॅन केलं होतं, इटालो जिस्मोंडीने १९३०च्या दशकात सुरू केलेलं, १ ला २५० मापाचं, त्यात तो १९७१पर्यंत भर घालत होता. तेव्हा वडिलांना सांगा, देवळं आणि बॅसिलिका (मोठी सार्वजनिक सभागृहं) डोळे उघडे ठेवून बघा, गल्लीबोळातली घरं मात्र कल्पनेची आहेत असं समजा.

चिंचोका | १०:०२
पेन्शनरकाका, बाबांना वाचून दाखवलं, खूश झाले, पण लगेच म्हणाले की मग भाषणाच्या ओट्यामागे ते पाच उंच खांब कसले? त्यांनी मोजलेत. पाचच आहेत.
भिंगं सरकवलीच नव्हती, असं काही असतं हेच माहीत नव्हतं. चष्मा आहे, वर लांबचं खाली जवळचं असला. ॲपमध्ये बसून बघायचा पर्याय सापडला, उंचीचं झालं. पण आत्ता परत बसवलं, सहा मिनिटं, परत तेच!! टायटसच्या कमानीपासून सेक्रेड वे नावाच्या रस्त्यावरून खाली फोरमकडे नेत होतो आणि तिथेच थांबा थांबा.

पुरातन_पेन्शनर | १०:३०
वडिलांची नजर पक्की आहे हो. ओटा म्हणजे रोस्ट्रा. ते पाच खांब सम्राट डायोक्लेशनच्या राजवटीला वीस वर्षं झाली तेव्हा, इ.स. ३०३ मध्ये, उभारलेले, तेव्हा मिळून राज्य करणाऱ्या चौघांचे चार आणि मधला ज्युपिटर देवाचा. खांब गेले, एकाचं कोरीव जोतं अजून फोरममध्ये आहे. आणि कॉन्स्टंटाईनच्या कमानीवर एका पट्टीत हेच पाचही खांब कोरलेले आहेत, तो रोस्ट्रावरून भाषण करतोय असं दृश्य आहे. मॉडेलवाल्यांना तोच मोठा पुरावा.

आयटीतला_गडी | १०:४१
एक मिनिट. "नेत होतो" म्हणजे? कोण नेत होतं?

चिंचोका | १०:४४
मीच. त्यांना कंट्रोलर जमत नाही, कुठलं बटण कुठे ते दिसत नाही ना आतून. मी शेजारी बसून मोबाइलवर त्यांची स्क्रीन बघतो आणि स्टिकने फिरवतो. सगळं नीट दाखवतो, इकडे वळवतो तिकडे वळवतो. का?

अर्धा_चहा | १०:४६
अरे देवा.

आयटीतला_गडी | १०:५८
हे तू काल रात्री लिहायला हवं होतंस! वरंधा घाटात एसटीच्या ड्रायव्हरला कधी उलटी झालेली पाहिलीस? मागच्या सीटवरच्यांनाच होते. स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं त्याला वळण येणार हे आधी माहीत असतं, शरीर तयार असतं. तू बाबांना मागच्या सीटवर बसवून घाट उतरवतोयस, तोही डोळ्यांना चाललोय असं दिसतंय आणि तोल सांभाळणारा कान म्हणतोय सोफ्यावर बसलोय. त्यात "इकडे वळवतो तिकडे वळवतो". तुला तासभर काही होत नाही कारण तुझ्या हातात स्टिक आहे.
आता हे कर. कंट्रोलर बाबांच्या हातात. सरकत चालणं बंद, टेलिपोर्ट लाव, म्हणजे अंगठ्याने जागा दाखवायची आणि सोडलं की तिथे. वळण स्टिकने नाहीच, सोफा काढ, ऑफिसची फिरती खुर्ची दे आणि खरोखरचं वळू दे, फक्त तिची चाकं अडकव. भिंगं सरकव, नाहीतर अंधुक दिसून डोकं दुखतं ते वेगळंच. चष्म्यासाठी डब्यात प्लॅस्टिकची चौकट असते ती बसव, नाहीतर काचांना चरे पडतील. आणि त्यांचा लांबचा साधा चष्मा असेल तर तो लाव, भिंगातलं चित्र चार-सहा फुटांवर असल्यासारखं दिसतं, जवळच्या नंबरचा उपयोग नाही.

फ्रेमरेटवाला | ११:१०
टेलिपोर्टने सगळी मजा जाते. उड्या मारत कोणी रोम बघतं का?

अर्धा_चहा | ११:१२
बादली घेऊन बघण्यापेक्षा बरं.

म्युनिककर | १३:४०
आम्ही मागे रोमला गेलो होतो तेव्हा नीरोच्या महालात, डोमुस ऑरेआमध्ये, असंच होतं. तिकडे २०१७ पासून व्हीआर आहे, सोनेरी छताच्या दालनात स्टुलावर बसवतात आणि हेडसेट देतात. आज ते दालन जमिनीखाली, अंधारं आणि गार, मे महिन्यात जॅकेट घालून बसलो होतो. हेडसेट लावला की भिंतीतून ऊन येतं आणि बाहेर बाग. लोक नुसते मान वळवून बघत होते, कोणीही स्टिक वगैरे हातात देत नाही. सांगायचं म्हणजे वडिलांना घेऊनच या ना इकडे, व्हीलचेअर मिळते सगळीकडे.

चिंचोका | १३:५५
व्हिसा, तिकीट, गुडघा. असो.

रांगडा_पंचगंगा | १५:२०
कशाला लांब जायचं, कोल्हापूरला या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझ मूर्ती सापडली, टाऊन हॉल म्युझियममध्ये ठेवलीय. छोटीशी मूर्ती आहे पण हात उगारलेला असा की समुद्र समोरच आहे. व्हीआर नको न काय नको.

डॉक्टर_नव्हे | १५:३१
काकांना गरगरतंय, आणि तुम्ही त्यांना कोल्हापूरला बोलावताय, वाटेत खंबाटकी आहे.

दगडफूल | १६:०५
मुळात रोमच का? रायगड, विजयनगर असं काही करा की कोणी. आपल्याकडे सगळे नुसते दुसऱ्यांचंच...

अर्धा_चहा | १६:०९
झालं सुरू.

दगडफूल | १६:३०
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गल्लीतला_सीझर | १८:१५
माझा पण एक मुद्दा, त्या काळी रोमची लोकसंख्या दहा लाख होती, आणि या ॲपमध्ये रस्त्यावर माणसं दिसतात वीस-पंचवीस. कर्फ्यू लागल्यासारखं शहर. हे कोणी बोलत नाही.

पुरातन_पेन्शनर | १८:५०
दहा लाख हा आकडा सहसा पहिल्या-दुसऱ्या शतकाचा सांगतात, कॉन्स्टंटाईनच्या वेळचा नव्हे. पण बाकी तुमचं खरं आहे. माणसं नाहीत, धूर नाही, भिंतींवर खरडलेलं काही नाही, पुतळे पांढरेफटक. पुतळ्यांना रंग असायचे हो, डोळे, केस, ओठ सगळं रंगवलेलं. वडिलांना हे नक्की माहीत असेल.

आलंपाक | २१:००
आल्याच्या वडीचं काय झालं?

चिंचोका | शनिवार, १२:२०
तर ऐका. फिरती खुर्ची शेजारच्यांकडून आणली, चाकांखाली पायपुसणी कोंबली. भिंगं मधल्या खाचेत. कपाटातून बाबांचा जुना लांबचा चष्मा निघाला, एक काडी दोऱ्याने बांधलेली. बटणं आतून दिसत नाहीत म्हणून टेलिपोर्टच्या बटणावर आईने टिकली चिकटवली, अंगठ्याला खडबडीत लागते, बस्स. पहिली दहा मिनिटं ते एकाच जागी, सॅटर्नच्या देवळाच्या पायऱ्यांवर, नुसती मान वळवत. मी म्हटलं पुढे जा ना, तर म्हणाले "तू गप्प बस, तू मला इथे कधी थांबूच दिलं नाहीस." मग स्वतःच टप्प्याटप्प्याने कुरियापाशी, म्हणजे सिनेटच्या सभागृहापाशी, गेले, आगीनंतर डायोक्लेशनने ती परत बांधली वगैरे आम्हाला बाहेर बसलेल्यांना शिकवणं चालू. चाळीस मिनिटं. चाळीस!! काहीही झालं नाही. आल्याची वडी खाल्ली होती पण, आलंपाक यांनी श्रेय घ्यावं.
आयटीतला_गडी, लाख लाख धन्यवाद. मीच माती खात होतो.

आलंपाक | १२:२४
म्हटलं होतं ना. गॅरंटी.

आयटीतला_गडी | १२:३०
मस्त. टिकलीची आयडिया ढापतोय. उद्या चार्जिंग फुल ठेव, दोनेक तासच टिकतं.

चिंचोका | १२:४१
अजून एक. उद्या पंधरा पाहुणे आहेत आणि बाबांनी सगळ्यांना फोन करून सांगितलंय की रोम दाखवणार. आमच्या मोठ्या काकांच्या डोक्याला कायम खोबरेल तेल. हेडसेटचा पट्टा आणि फोम दोन्ही कापडीच आहेत, भाचा मला मारेल. काय लावू त्याला?

डॉक्टर_नव्हे | १२:५५
सिलिकॉनचं कव्हर मिळतं, पण उद्यापर्यंत येणार नाही. प्रत्येकाला चेहऱ्याला टिश्यू आणि डोक्याला रुमाल.

म्युनिककर | १३:०२
डोमुस ऑरेआमध्ये हेल्मेटच्या आत घालायला जाळीची टोपी देतात, तशी केटररकडे असेलच की.

रांगडा_पंचगंगा | १३:१०
काकास्नी शेवटी बसवा.